वसईची भग्ननगरी

पुसदवरून वाहणारी पूस नदी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीच्या ओटींत पडून अखेर पूर्वसमुद्राला जाते. वऱ्हाडच्या ह्या दक्षिण टोकाला पडलेल्या पावसाचा पश्चिमेच्या समुद्राशीं कांहींच संबंध येत नाहीं. माणसांचेंहि पुष्कळसें असेंच असतें. पुसद, दिग्रस, उमरखेड ह्या बाजूच्या सुशिक्षित घरांतून सह्याद्रीच्या गडांचीं नांवें मुलांना पाठ असतात, वडील मंडळींची काशी-रामेश्वराची यात्रा झालेली असते. पण कोकणचा किनारा बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच राहून जातो. आणि समुद्रकांठचें एखादें जुनें युरोपीय धाटणीचें नगर, म्हणजे दगडी वेशी, कमानदार सज्जे, उंच मनोरे आणि हाकेच्या अंतरावर एकेक प्रार्थनामंदिर, असें कांहीं पाहावयाचें मनांत आलें, तर डोळ्यांसमोर इटलींतील नेपल्स, जिनोआ किंवा व्हेनिस हींच नांवें उभीं राहतात.

असें एक नगर महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे, आणि तें म्हणजे वसई. श्रोत्यांस नवल वाटेल, पण नेपल्सचाच एक प्रवासी इ. स. १६९५ मध्यें तें पाहावयास आला होता, आणि त्यानें केलेलें त्याचें वर्णन आजहि उपलब्ध आहे. परंतु पुसदच्या माणसानें वसई पाहावी ह्याला केवळ सौंदर्य हें कारण नव्हे. ह्या नगरीनें अडीचशेंहून अधिक वर्षांच्या अवधींत तीन मोठे तह पाहिले: पहिला १५३४ चा, दुसरा १७३९ चा आणि तिसरा १८०२ चा. पहिल्या तहानें ती फिरंग्यांना मिळाली, दुसऱ्यानें मराठ्यांना मिळाली, आणि तिसऱ्यानें मराठ्यांचें स्वातंत्र्यच गेलें. ह्या तिसऱ्या कागदाचे परिणाम वर्षाच्या आंत वऱ्हाडपर्यंत येऊन पोंचले. तेव्हां वसईचे पडके मनोरे पाहणें म्हणजे वऱ्हाडी माणसानें आपल्याच इतिहासाचें एक विसरलेलें पान उलगडणें होय.

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरून पश्चिम रेल्वेनें उत्तरेस सुमारें पन्नास किलोमीटर गेल्यावर खाडीवरील पूल लागतो, आणि तो ओलांडल्यावर थोड्याच वेळांत वसई रोड स्थानक येतें. तेथून किल्ला आणखी आठ-दहा किलोमीटर दूर आहे. उल्हास नदीचें पाणी खाडीच्या रूपानें जेथें समुद्राला मिळतें, तेथें उत्तर तीरावर हें ठिकाण आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि पाठीशीं माड, केळी व भाजीपाल्याच्या वाड्या अशी त्याची ठेवण. बंदराला ह्याहून सोयीची जागा मिळणें कठीण, आणि हें फिरंग्यांच्याहि फार आधीं लोकांनीं ओळखलेलें होतें. जवळच सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हें बंदर दोन हजार वर्षांपूर्वीं गजबजलेलें होतें. तेथें सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सांपडले आहेत, आणि १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील बौद्ध स्तूप उकरून काढला.

पहिल्या तहाची हकीगत अशी. सोळाव्या शतकाच्या आरंभीं वसई गुजराथच्या सुलतानाच्या ताब्यांत होती. सुलतान बहादूरशाह शूर होता, पण त्याला दोन बाजूंनीं पेंच पडला. समुद्रावर पोर्तुगीजांचें आरमार त्याची बंदरें जाळीत होतें, आणि जमिनीवर मोगल बादशहा हुमायून त्याच्यावर चालून येण्याच्या तयारींत होता. १५३३ मध्यें पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा ह्यानें वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी पाडली. मोगलांशीं झुंजण्यास हात मोकळे राहावेत म्हणून सुलतानानें समुद्राकडचें संकट मुलूख देऊन मिटविण्याचें ठरविलें. २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह होऊन वसई व तिच्या हाताखालचा प्रदेश पोर्तुगीजांस मिळाला. त्यांतच साष्टी आणि मुंबईचीं बेटेंहि होतीं. मुंबई त्या काळीं वसईच्या ताब्यांतील एक सामान्य ठिकाण होतें. पुढें १६६१ मध्यें पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहप्रसंगीं तें इंग्लंडच्या राजाला देण्यांत आलें. बहादूरशाहास मात्र ह्या व्यवहाराचा फार काळ उपयोग झाला नाहीं. १५३७ मध्यें दीव येथें पोर्तुगीजांच्या भेटीहून परततांना त्याचा समुद्रांतच अंत झाला.

वसई हातीं आल्यावर पोर्तुगीजांनीं तेथें केवळ किल्ला बांधला नाहीं, तर तटाच्या आंत एक संबंध शहर उभें केलें. दिल्लीच्या किंवा दौलताबादच्या किल्ल्याची कल्पना मनांत ठेवून गेलेला प्रवासी येथें गोंधळून जातो. येथें डोंगर नाहीं, चढण नाहीं, बालेकिल्लाहि लहानसाच. सपाट जमिनीवर समुद्राच्या भरतीरेषेला धरून तट फिरविलेला आहे, आणि त्याचे बुरूज बाणाच्या टोंकाप्रमाणें पुढें आलेले आहेत. तोफांच्या युगांत इटलींतील स्थापत्यविशारदांनीं ही पद्धत प्रचारांत आणली. बुरूजाला असे कोन दिले म्हणजे शेजारच्या दोन बुरूजांवरून त्याच्या पायथ्यावर मारा करतां येतो, आणि शत्रूला दडण्यास जागा उरत नाहीं. हीच पद्धत पुढें सर्व युरोपांत पसरली, आणि पोर्तुगीजांबरोबर ती वसईच्या वाळूवर आली. बुरूजांना त्यांनीं आपल्या साधुसंतांचीं नांवें दिलीं: साँ सेबास्तियाँव, साँ पावलो, साँ पेद्रू, रेइस मागुस, नोस्सा सेन्योरा दुस रेमेदियुस. शहराला दोन मुख्य दरवाजे होते. एक जमिनीकडचा व दुसरा बंदराकडचा. बंदराकडच्या दरवाजांतून आजहि कोळ्यांच्या होड्या दिसतात.

आंत गेल्यावर एकामागून एक भग्न प्रार्थनामंदिरें लागतात. छपरें केव्हांच गेलीं. पण भिंती, कमानी आणि दर्शनी भागावरील नक्षी पुष्कळ ठिकाणीं शाबूत आहे. सेंट जोसेफचें मुख्य चर्च सोळाव्या शतकाच्या मध्याला बांधलें गेलें, आणि १६०१ मध्यें गोव्याचा आर्चबिशप अलेइशु द मेनेझिस ह्याच्या वेळीं तें मोठें करण्यांत आलें. त्याचा मनोरा दुरून प्रथम नजरेस भरतो. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्यें जमिनीवर थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत. त्यांवर मृतांचीं नांवें, पदव्या आणि कुलचिन्हें कोरलेलीं असून शतकांच्या पावसानें तीं अर्धवट झिजलीं आहेत. डोमिनिकन पंथाचा मठ, ऑगस्टिनियन पंथाचा मठ, आणि अनाथ-आजारी लोकांसाठीं चालविलेली मिझेरिकॉर्दिया नांवाची संस्था, ह्यांचे अवशेषहि जवळजवळच आहेत. जेझुइट पंथाच्या चर्चची दर्शनी भिंत सर्वांत देखणी म्हणावी लागेल. ह्याच पंथाच्या शाळेंत गोन्सालो गार्सिया हा मुलगा शिकला. त्याचा जन्म वसईचा, बाप पोर्तुगीज, आई ह्या देशांतली. तो पुढें व्यापारानिमित्त जपानांत गेला, नंतर फ्रान्सिस्कन पंथांत शिरला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्यें रोमच्या पोपनें त्याला संतपद दिलें. भारतांत जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत होय.

वसईची संपत्ति कोठून आली हेंहि पाहण्यासारखें आहे. आसपासच्या जंगलांत सागवान मुबलक होतें, म्हणून येथें जहाजें बांधलीं जात. येथील काळा घडीव दगड इतका चांगला मानला जाई, कीं गोव्यांतील प्रसिद्ध बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागासाठीं तो समुद्रमार्गें नेण्यांत आला. भात, ऊंस, मीठ आणि लांकूड ह्यांवर शहराची भरभराट चालली. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखाचा सेनापति येथें राहत असे, आणि गोव्याच्या खालोखाल मान वसईचाच होता. सरदार घराण्यांची येथें इतकी दाटी झाली, कीं वसईचा रहिवासी म्हटला म्हणजे त्याच्या नांवामागें ‘दों’ ही पदवी लागणारच, असें लोक थट्टेनें म्हणत.

ह्या वैभवाच्या उतरत्या काळांत नेपल्सचा तो प्रवासी वसईस आला. त्याचें नांव जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी. हा कायदेपंडित होता. स्वदेशांत बढतीची आशा दिसेना म्हणून १६९३ मध्यें तो जगप्रदक्षिणेस निघाला. त्याच्यापाठीं राजा नव्हता, व्यापारी कंपनी नव्हती, कीं धर्मसंस्थाहि नव्हती. मिळेल त्या जहाजानें आणि मिळेल त्या वाहनानें केवळ जग पाहण्याच्या हौसेनें तो हिंडला, आणि पांच वर्षांनीं नेपल्सला परतला. त्याचा प्रवासग्रंथ १६९९-१७०० ह्या वर्षांत सहा खंडांत प्रसिद्ध झाला. आज ज्याला हौशी पर्यटक म्हणतात, त्याचा हा एक पूर्वज समजावयास हरकत नाहीं.

कारेरीच्या नजरेंतून वसई पाहिली म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. त्यानें पाहिलेलें शहर चालतें-बोलतें होतें. तरी त्याच्या वर्णनांत भग्नतेची चाहूल स्पष्ट लागते. रस्ते रुंद व सरळ आहेत, मोठ्या चौकांत चांगल्या इमारती आहेत, हें तो सांगतो. पण त्याबरोबरच बुरूजांचें काम अजून पुरें झालेलें नाहीं, आणि महामारीमुळें शहराचा उत्तरेकडील सुमारें तिसरा हिस्सा ओस पडला आहे, हेंहि तो नमूद करतो. शहरांतील बडे लोक ह्या रोगाला भिऊन बाहेरच्या वाड्यांत जाऊन राहत. त्या वाड्यांचें, तेथील फळझाडांचें आणि उंसाचें त्यानें मनापासून कौतुक केलें आहे, आणि त्या जमिनी हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती गांवकरी कसतात, हेंहि त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. वसईहून तो साष्टींत उतरून कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेला, आणि त्यांचें सविस्तर वर्णन त्यानें युरोपांतील वाचकांपुढें ठेवलें. त्याला वसईच्या तटापेक्षां तटाबाहेरचें जग अधिक जिवंत वाटलें, असा त्याच्या वर्णनाचा एकंदर सूर आहे.

वसईच्या नाशाचें बीज नेमकें ह्याच ठिकाणीं होतें. हें शहर तटाच्या आंतल्या लोकांचें होतें, तटाबाहेरच्यांचें नव्हतें. आंत राहण्याचा मान सरदार, अधिकारी व धर्मगुरु ह्यांना. कारागीर, कोळी, भंडारी, माळी आणि शेतकरी ह्यांची वस्ती बाहेर. ज्यांच्या कष्टांवर शहर पोसलें जात होतें, त्यांच्या रक्षणाची जबाबदारी मात्र शहर घेईना. १६७४ मध्यें मस्कतच्या सहाशें अरब चांच्यांनीं किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरचीं प्रार्थनामंदिरें लुटलीं, लोकांवर अनन्वित जुलूम केला, आणि शिबंदी तटाच्या आंत बसून राहिली. त्याच वर्षीं शिवछत्रपतींचे पेशवे मोरोपंत पिंगळे हे कल्याणास येऊन वसईकरांकडे चौथाई मागूं लागले. तटाच्या बाहेर आपली सत्ता किती पोकळ आहे, हें पोर्तुगीजांना तेव्हांच कळावयास हवें होतें.

त्यांत धर्माच्या जुलमाची भर पडली. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायपीठ स्थापन झालें, आणि त्याचा अंमल वसई-साष्टीपर्यंत पोंचला. देवळें पाडलीं गेलीं, सणसमारंभ उघडपणें करण्याला बंदी आली, पोरक्या मुलांना बाप्तिस्मा देण्याचे कायदे झाले. ज्यांना सोसवेना त्यांनीं मुलूख सोडला. जे राहिले त्यांनीं वाट पाहिली. अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु ह्यांनीं हीं गाऱ्हाणीं पुण्यास पेशव्यांच्या कानांवर घातलीं, मुलखाची माहिती पुरविली, वाटाडे दिले. वसईच्या मोहिमेची पहिली तयारी पुण्याच्या खलबतखान्यांत नव्हे, तर साष्टीच्या गांवांत झाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१७३७ च्या वसंतांत मोहिमेला तोंड लागलें. पहिल्या बाजीरावांचे धाकटे बंधु चिमाजीअप्पा हे तिचे सूत्रधार होते. ठाण्याचा किल्ला अजून बांधला जात होता, तो प्रथम पडला, आणि साष्टी बेट मराठ्यांच्या हातीं आलें. अर्नाळाहि त्याच सुमारास मिळाला. पण वसईवरचे पहिले हल्ले फसले. दलदल, खाडी आणि तोफा ह्यांपुढें घोडदळाचा उपयोग होईना. डोंगरी किल्ल्यांवर दोर लावून चढणाऱ्या मावळ्यांना ही नवी विद्या शिकावी लागली: मोर्चे बांधीत पुढें सरकणें, जमिनीखालून सुरुंग खणणें, आणि तोफांच्या आड महिनोन्महिने चिकाटीनें बसणें. १७३९ च्या जानेवारींत माहीम आणि तारापूर हीं ठाणीं पडलीं. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा कामास आला. फेब्रुवारींत चिमाजीअप्पा स्वतः वसईपुढें येऊन ठेपले. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे ह्यांच्या फौजा येऊन मिळाल्या, आणि मानाजी आंग्र्यांच्या आरमारानें समुद्राकडची वाट रोखली.

त्याच वेळीं उत्तरेंत नादिरशहा दिल्लींत शिरला होता, आणि तो दक्षिणेकडे वळेल कीं काय, ह्या चिंतेनें बाजीराव फौजा मोकळ्या होण्याची वाट पाहत होते. चिमाजीअप्पांना वेळ दवडून चालण्यासारखें नव्हतें. मे महिन्यांत सुरुंग उडाले, साँ सेबास्तियाँव बुरूजाला भगदाड पडलें, आणि त्यांतून चढतांना माणसें पालापाचोळ्यासारखीं पडूं लागलीं. किल्ला हातीं येत नसेल तर निदान आपलें मस्तक तरी तोफेनें आंत उडवा, असें अप्पा त्या वेळीं म्हणाले, अशी आख्यायिका आहे. पोर्तुगीजांचे सुमारें आठशें लोक ह्या वेढ्यांत मेले. मराठ्यांच्या स्वतःच्या हिशेबानेंच त्यांचे पांच हजार मेले वा घायाळ झाले. इतरांचे हिशेब ह्याच्या कितीतरी पट आहेत.

किल्लेदार मार्तिन्यु द सिल्व्हैरा ह्या वेढ्यांत पडला, आणि त्याच्या जागीं आलेला कायतानु द सौझा परैरा ह्यानें नेटानें बचाव केला. पण त्याला मदत कोठून मिळावी? गोव्यावरहि मराठ्यांचा दाब होता. शेजारच्या मुंबईकर इंग्रजांनीं कांहीं दारूगोळा दिला, पंधरा हजार रुपये कर्ज दिलें, आणि त्याला तारण म्हणून चर्चमधील चांदी व कांहीं पितळी तोफा ठेवून घेतल्या. ज्या चर्चच्या वैभवासाठीं दोनशें वर्षें मुलूख पिळला गेला, त्याची चांदी अखेर सावकाराकडे गेली. शेवटीं १६ मे १७३९ रोजीं तह ठरला, आणि २३ मे रोजीं पोर्तुगीज वसई सोडून गेले.

ह्या दुसऱ्या तहाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. इतकें रक्त सांडल्यावरहि कत्तल झाली नाहीं, कीं लूट झाली नाहीं. शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत, सन्मानानें बाहेर पडूं देण्यांत आलें. रहिवाशांना आपली चीजवस्त नेण्याची मुभा मिळाली. आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांच्या धर्माचरणाला अडथळा होणार नाहीं, असें वचन देण्यांत आलें. ह्या वचनाचें फळ आज डोळ्यांना दिसतें. वसईचा ख्रिस्ती समाज आपल्या मातीला धरून राहिला, आपली मराठी बोली त्यानें जपली, आणि त्याच समाजांतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्यें उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विजयाच्या खुणा दोन तऱ्हांच्या राहिल्या. वज्रेश्वरी देवीला केलेला नवस फेडण्यासाठीं तानसा नदीच्या कांठीं तिचें मंदिर उभें राहिलें. आणि फिरंगी चर्चमधील मोठ्या घंटा देशावर नेऊन देवळांत टांगण्यांत आल्या. नाशिकचें नारोशंकराचें मंदिर, भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथें अशा घंटा प्रवाशांना आजहि दाखवितात.

वसई जिंकणाऱ्यांनीं शहर मात्र पुनः वसविलें नाहीं. मराठ्यांचा सुभेदार तेथें राहिला, देवळें झालीं, बाजार भरला; पण मोठीं दगडी घरें आणि मठ हळूहळू ओस पडले. बाजीराव १७४० मध्यें वारले, आणि चिमाजीअप्पाहि त्याच वर्षाच्या अखेरीस गेले. समुद्रावर पाय रोवण्याची जी संधि वसईनें दिली होती, ती पुण्यास पुरी उमगली नाहीं. ती इंग्रजांना उमगली. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडतांच मुंबईच्या कौन्सिलनें कॅप्टन इंचबर्ड ह्यास चिमाजीअप्पांकडे पाठविलें, आणि जुलैंत व्यापाराचा तह करून घेतला. शिवाय मुंबईच्या तटाभोंवतीं खंदक खणण्यासाठीं व्यापाऱ्यांनीं वर्गणी जमविली. शेजाऱ्याच्या पराभवापासून त्यांनीं लगेच धडा घेतला. १७८० च्या डिसेंबरांत जनरल गॉडर्डनें तोफांचा भडिमार करून वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती मराठ्यांना परत मिळाली. पण साष्टी कायमची गेली.

तिसऱ्या तहाच्या वेळीं वसईपुढें ना वेढा होता, ना सुरुंग. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे व पेशवे ह्यांच्या फौजांचा पराभव केला, आणि दुसरे बाजीराव कोकणांत पळाले. इंग्रजांच्या जहाजाच्या आश्रयानें ते वसईस आले. ज्या ठिकाणीं त्यांच्या चुलतआजोबांनीं हजारों माणसें खर्ची घालून निशाण लावलें होतें, तेथेंच ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तैनाती फौजेचा तह केला. सहा हजारांहून कमी नाहीं इतकें इंग्रजी पायदळ कायमचें पदरीं बाळगावयाचें. त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपीय माणसाला नोकरींत ठेवावयाचें नाहीं. आणि इतर राज्यांशीं बोलणें करावयाचें तें इंग्रजांच्या संमतीनें. गादी वांचली, सत्ता गेली. बहादूरशाहानें १५३४ मध्यें जें केलें होतें, तेंच बाजीरावांनीं केलें. जवळच्या वैऱ्याला भिऊन दूरच्या बलाढ्य पाहुण्याला घरांत घेतलें.

हा कागद शिंद्यांना आणि नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना मान्य होणें शक्यच नव्हतें. १८०३ मध्यें युद्ध पेटलें, आणि तें वऱ्हाडच्या दारांत येऊन थडकलें. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगांवच्या मैदानावर भोसल्यांचा मोड झाला, आणि १५ डिसेंबरला मेळघाटांतील गाविलगड इंग्रजांनीं हल्ला करून घेतला. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबर १८०३ रोजीं, देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला, आणि इंग्रजांनीं तो प्रदेश निजामाच्या पदरांत टाकला. वसईच्या कागदावरची शाई वाळून पुरतें एक वर्षहि झालें नव्हतें. पुढें १८५३ मध्यें फौजेच्या खर्चाची बाकी म्हणून निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनीं आपल्याकडे घेतला. पुसद तालुका त्या व्यवस्थेंत वाशीम जिल्ह्यांत होता, आणि १९०५ मध्यें तो यवतमाळकडे आला. गांवच्या सातबाऱ्यापर्यंत पोंचणाऱ्या ह्या उलाढालींचा एक धागा अशा रीतीनें खाडीकांठच्या त्या तटापाशीं जाऊन मिळतो.

आज वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. वडा-पिंपळांच्या मुळांनीं कमानी कवटाळल्या आहेत, पडक्या मठांतून बकऱ्या चरतात, चित्रपटवाले कधीं छायाचित्रणासाठीं येतात, आणि सुटीच्या दिवशीं मुंबईकरांची गर्दी होते. चिमाजीअप्पांचें स्मारकहि आंत उभें आहे. दूरवरून जाणाऱ्यानें सकाळीं जमिनीकडच्या दरवाजानें शिरावें, साँ सेबास्तियाँव बुरूजापाशीं थांबून तेथें पडलेल्या अनाम माणसांचें स्मरण करावें, सेंट जोसेफच्या मनोऱ्यावरून एकीकडे समुद्र व दुसरीकडे वाड्या न्याहाळाव्यात, फ्रान्सिस्कन चर्चमधील शिळांवरचीं झिजलेलीं नांवें वाचण्याचा यत्न करावा, आणि शेवटीं बंदराच्या दरवाजानें बाहेर पडावें. अर्ध्या दिवसाचें हें काम आहे. पण हा अर्धा दिवस तीन राज्यांच्या उदयास्ताचा आहे.

इटलींतील भग्न नगरें पाहून येणारे लोक तेथील कलेची स्तुति करतात, आणि ती योग्यच आहे. वसईची कला त्या मानानें साधी आहे. तिचा धडा मात्र साधा नाहीं. सुलतानाला फौज होती, पोर्तुगीजांना तट होता, पेशव्यांना दोन्ही होतीं. तरी तिघांच्याहि हातून हें ठिकाण गेलें. सुलतान व दुसरे बाजीराव ह्यांनीं घरच्या भीतीपोटीं परक्याचा हात धरला. पोर्तुगीजांनीं तटाबाहेरची प्रजा परकी केली. वसई आणि पुसद हीं दोन गांवें १९५६ मध्यें एका राज्यांत आलीं, १९६० पासून तीं महाराष्ट्रांत आहेत, आणि १९६३ ते १९७५ पर्यंत ह्या राज्याचें मुख्यमंत्रिपद पुसदजवळच्या गहुलीस जन्मलेले वसंतराव नाईक ह्यांच्याकडे होतें. वऱ्हाडचा धनी ठरविणारा कागद एके काळीं वसईस झाला. नंतर वसईचा कारभार पाहणारा माणूस वऱ्हाडांतून गेला, आणि तो कोणत्याहि तहानें नव्हे, तर लोकांच्या मतानें.